प्रवासभत्ता की वेतन?

मालकाच्या कामासाठी कामगार जो रस्ता तुडवितो, त्या रस्त्याचा खर्च कोणी सोसावयाचा? प्रश्न इतका साधा आहे की त्यावर वाद संभवतो हेच प्रथमदर्शनी पटू नये. गिरणीत लागणारा कापूस गिरणीमालक विकत आणतो, कारखान्याच्या विजेचे बिल कारखानदार भरतो. कोणताही मालक ते बिल कामगाराच्या पगारातून वजा करीत नाही. परंतु ज्यांचा कारखाना म्हणजेच रस्ता, ज्यांचे काम म्हणजेच एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे, त्यांच्या बाबतीत हा सरळ न्याय एकाएकी अवघड होऊन बसतो. पेट्रोल कामगाराने भरावयाचे, गाडीचे हप्ते त्याने फेडावयाचे, आणि महिन्याच्या अखेरीस बिलावर कोणी तांबड्या शाईची रेघ ओढली तर ती मुकाट्याने पाहावयाची, अशी वहिवाट पडून गेली आहे.

शेगावसारख्या तालुक्यात ही वहिवाट उघड्या डोळ्यांनी दिसते. संत गजानन महाराजांच्या समाधीमुळे शेगावचे नाव सर्वदूर पोहोचले आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावर येथे गाड्या थांबतात, यात्रेकरूंची रीघ लागलेली असते. स्टेशन आणि मंदिर यांच्यापलीकडचा तालुका मात्र पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा आहे. पाणी खारट, जमीन काळी आणि चिकण. पावसाळ्यात आडरस्त्याच्या गावाला दुचाकी नेणे म्हणजे चाकाला धरलेला चिखल काडीने काढीत जाणे. या गावांतून रोज फिरणाऱ्यांत औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आहेत, सूक्ष्म पतपुरवठ्याचे वसुली कर्मचारी आहेत, आणि सार्वजनिक आरोग्यसेवेचा कणा असलेल्या आशा व त्यांच्या गट प्रवर्तक आहेत. या लेखात मुख्यतः गट प्रवर्तकांचा विचार करावयाचा आहे. कारण प्रवासखर्चाच्या नावाखाली वेतन गिळून टाकण्याची क्रिया त्यांच्या बाबतीत जितकी पूर्णत्वास गेली आहे तितकी अन्यत्र क्वचितच गेली असेल, आणि तेथे मालक कोणी नफेखोर कंपनी नसून प्रत्यक्ष सरकार आहे.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले. गावोगाव आशा नेमल्या गेल्या आणि त्यांच्या कामावर देखरेख करण्यासाठी, त्यांना शिकविण्यासाठी व त्यांच्या नोंदी गोळा करण्यासाठी गट प्रवर्तक आल्या. एकेका गट प्रवर्तकेकडे दहा ते वीस आशा, म्हणजे तितकी गावे व वाड्या. तिला बसावयास कचेरी नाही. या आशेकडून त्या आशेकडे जाणे, गर्भवतींच्या नोंदी तपासणे, लसीकरणाच्या दिवशी हजर राहणे, महिन्याचा अहवाल तयार करून आरोग्य केंद्रात पोहोचविणे, हेच तिचे काम. या कामाचा मोबदला केंद्र सरकारने कसा ठरविला? महिन्याचे वेतन म्हणून नव्हे, तर पर्यवेक्षण भेटीमागे एक रक्कम म्हणून. ऑक्टोबर २०१८ पासून ही रक्कम भेटीमागे २५० रुपयांवरून ३०० रुपये करण्यात आली. महिन्याला वीस भेटी धरल्या तर ५,००० रुपयांचे ६,००० रुपये झाले. राज्याने त्यात वेळोवेळी आपली भर घातली, तीही संप व मोर्चे झाल्यावर. पण पायाभूत रचना ही अशी आहे, आणि व्यवहारात या रकमेची ओळख प्रवासभत्ता अशीच पडली.

आता हे ३०० रुपये नेमके कशाचे, हा प्रश्न सरकारला विचारून पाहावा. समजा, एका गट प्रवर्तकेला एका दिवसात जाऊन येऊन चाळीस किलोमीटर अंतर पडते. दुचाकीला लिटरभर पेट्रोल त्याच्या आसपास लागते. पेट्रोलच्या दराने २०२१ साली महाराष्ट्रात शंभरी ओलांडली. त्यात तेल, टायर, दुरुस्ती आणि गाडीची झीज धरली तर शेकडा-सव्वाशे रुपये वाटेतच खर्ची पडतात. ज्या बाईला स्वतःची गाडी नाही, ती पतीला वा भावाला त्याची मजुरी बुडवून सोबत नेते. तो खर्च कोणत्याही कागदावर येत नाही. तेव्हा ३०० रुपये हा प्रवासखर्च आहे असे सरकार म्हणत असेल, तर दिवसभराच्या श्रमाचे वेतन शून्य ठरते. ते वेतन आहे असे म्हणत असेल, तर सरकारी कामाचे पेट्रोल सरकार कामगाराच्या वेतनातून भरून घेत आहे. कोणतेही उत्तर दिले तरी सरकार आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटत नाही. म्हणूनच ते उत्तर देत नाही. रक्कम दुहेरी नावाची ठेवावयाची. बाईने वेतन मागितले की तिला भत्ता म्हणावयाचे आणि भत्ता मागितला की तिला मोबदला म्हणावयाचे, हीच यातील युक्ती आहे.

या युक्तीला आणखी एक आधार आहे, तो भाषेचा. महाराष्ट्रात आशांना ‘स्वयंसेविका’ म्हणतात. सेवा हा शब्द आपल्या संस्कारात मोठा आहे. शेगावहून दरवर्षी गजानन महाराजांची पालखी पंढरपुराकडे पायी निघते. शेकडो किलोमीटरच्या त्या वाटचालीचा हिशेब कोणी वारकरी कोणाकडे मागत नाही, आणि मागू नये. कारण ती वाट त्याने आपल्या इच्छेने धरलेली असते. पण गट प्रवर्तकेने अमुक तारखेस अमुक गावी गेलेच पाहिजे, न गेल्यास तिचा मोबदला कापला जाईल, असा हुकूम जेथे आहे तेथे सेवेचा शब्द उच्चारणे ही लबाडी होय. हुकूम देणारा जो असतो तो मालक, आणि हुकमाप्रमाणे जो जातो तो कामगार. मधे भक्तीचा पडदा धरून हे नाते झाकता येणार नाही.

२०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि साऱ्या देशाचे लक्ष या तालुक्याकडे वळले. तज्ज्ञांची पथके आली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे शास्त्रज्ञ आले, पाण्याचे व रक्ताचे नमुने गेले. हे सर्व आवश्यकच होते. परंतु एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा प्रसंगी जे पथक सरकारी मोटारीतून येते, त्याच्या डिझेलची तरतूद आधीच झालेली असते. मोटारीची नोंदवही असते, त्यात निघाल्याचा आकडा आणि परतल्याचा आकडा लिहिला जातो, आणि ते किलोमीटर कोणी नाकारीत नाही. पथक परत गेल्यावर त्याच गावांतून पुढे वर्षभर ज्यांना फिरावयाचे असते त्यांच्या किलोमीटरांना मात्र नोंदवही नाही. साथ आली की ज्यांच्यावाचून सरकारचे पान हलत नाही, बिलाची वेळ आली की त्यांचीच पाने हलत नाहीत.

याच्या अगदी उलट उदाहरण पाहावयाचे असेल तर शेगाव स्टेशनवरून धडाडत जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाकडे पाहावे. इंजिनचालक व गार्ड यांना रेल्वेत धावते कर्मचारी म्हणतात. त्यांना धावण्याचा भत्ता मिळतो. पूर्वी तो मैलांवर मोजीत, पुढे किलोमीटरवर मोजू लागले. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की रेल्वेच्या नियमांनीच या भत्त्याचा काही भाग वेतन म्हणून मानला आहे. मूळ वेतनाच्या ३० टक्के इतका भाग काही कारणांसाठी वेतन समजला जातो, आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब करताना ५५ टक्के भाग धरला जातो. यामागील तर्क सरळ आहे. ज्याचे कामच धावणे आहे, त्याच्या धावण्याचा मोबदला हा निव्वळ वाटखर्च नव्हे. त्यात श्रमाचे मोल मिसळलेले आहे, आणि ते वेतनात आले पाहिजे.

हा तर्क रेल्वे बोर्डाला आपण होऊन सुचला असे कोणी समजू नये. धावत्या कर्मचाऱ्यांची संघटना, १९७३ सालचे त्यांचे संप, १९७४ चा रेल्वे कामगारांचा ऐतिहासिक संप, हा सर्व इतिहास त्यामागे उभा आहे. आणि मिळालेले टिकविण्यासाठीही लढावे लागले. निवृत्तिवेतनासाठी पूर्वी या भत्त्याचा ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग धरला जात असे. ५ डिसेंबर १९८८ रोजी रेल्वे बोर्डाने अधिसूचना काढून हे प्रमाण खाली आणले, तेही मागील तारखेपासून. म्हणजे १९७३ नंतर जे निवृत्त झाले त्यांच्या हातात पडलेल्या हक्कालाच कात्री लावली. निवृत्त कर्मचारी न्यायाधिकरणात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, आणि रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष विरुद्ध सी. आर. रंगधामैया या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९९७ साली ती मागील तारखेची कपात घटनाबाह्य ठरविली. मैलभत्त्याच्या काही टक्क्यांसाठी म्हाताऱ्या माणसांनी वर्षानुवर्षे झगडावे, हे काहींना चिकटपणाचे वाटेल. परंतु ते टक्के म्हणजे त्यांनी रात्री-अपरात्री इंजिनात काढलेले आयुष्य होते.

एकाच गावावरून जाणाऱ्या या दोन वाटा आहेत. लोहमार्गावर संघटित कामगाराने भत्त्यातून वेतन बाहेर काढले. बैलगाडीच्या वाटेवर असंघटित स्त्रीचे वेतनच भत्त्यात बुडविले गेले. फरक कामाच्या स्वरूपाचा नाही, दोघेही धावतातच. फरक संघटनेचा आहे.

येथे आपल्याच चळवळीशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. प्रवासखर्चाचा प्रश्न निघाला की आपली मागणी ठरलेली असते: दर वाढवा. पेट्रोल महागले, भत्ता वाढवा. भेटीचे ३०० आहेत, ५०० करा. ही मागणी चुकीची नाही. उपाशी माणसाला तत्त्वज्ञान सांगून भागत नाही. पण ती अपुरी आहे, आणि एकटीच पुढे केली तर घातकही आहे. कारण दर वाढवून घेताना आपण मालकाने दिलेले नाव मान्य करतो. साऱ्या मोबदल्याला प्रवासभत्ता म्हणा, फक्त तो मोठा द्या, असा तिचा अर्थ होतो. भत्त्यावर भविष्यनिर्वाह निधी नाही, भत्त्यावर उपदान नाही, बाळंतपणाच्या रजेत भेटी होत नाहीत म्हणून भत्ताही नाही, आणि आजारी पडले तर तोही बंद. पाचशे रुपये झाले तरी हे सर्व तसेच राहते. म्हणून पहिली मागणी दर वाढविण्याची नसून फोड करण्याची असली पाहिजे. श्रमाचे वेतन एका रकान्यात, प्रत्यक्ष झालेला वाटखर्च दुसऱ्या रकान्यात. वेतन किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, आणि वाटखर्च पेट्रोलच्या दराशी जोडलेला असावा.

२०२३ च्या १८ ऑक्टोबरपासून महाराष्ट्रातील आशा व गट प्रवर्तकांनी संप केला. आश्वासन मिळाले, ते पाळले गेले नाही म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप केला आणि आझाद मैदानावर मुक्काम ठोकला. मार्च २०२४ मध्ये आशांच्या मोबदल्यात ५,००० रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला. हजारो स्त्रियांच्या निर्धाराचा तो विजय होय, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा हेतू येथे मुळीच नाही. तरीही जी वाढ मिळाली ती मोबदला या नावानेच मिळाली. वेतन हा शब्द सरकारने उच्चारला नाही. पुढील लढ्याचे क्षेत्र तो शब्दच आहे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? वेतन प्रदान अधिनियम, १९३६ याने प्रवासभत्त्याला वेतनाच्या व्याख्येतून बाहेर ठेवले होते. त्यामागील हेतू रास्त होता. कामगाराने मालकासाठी केलेला खर्च हे त्याचे उत्पन्न नव्हे. पण मालकांनी त्याच दाराने वेतन बाहेर काढले. मूळ पगार लहान ठेवावयाचा आणि भत्त्यांची शेपटी लांब करावयाची, म्हणजे निधी आणि उपदान दोन्ही वाचतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने ज्या चार कामगार संहिता अमलात आणल्या, त्यांतील वेतन संहितेत वाहनभत्ता व कामाच्या निमित्ताने करावे लागणारे विशेष खर्च वेतनाबाहेरच ठेवले आहेत. मात्र वगळलेल्या अशा रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या तर वरचा भाग वेतनच समजावा, असे म्हटले आहे. या संहितांनी संपाच्या व संघटनेच्या हक्काभोवती जो फास आवळला आहे त्यास आपला विरोध आहे आणि राहील. त्यांत योजनाकर्मी स्त्रियांना नावानिशी कामगार म्हटलेले नाही, हाही त्यांचा मोठा दोष आहे. परंतु शत्रूच्या शस्त्रागारातील जे हत्यार आपल्या हाती लागेल ते टाकून देण्यात शहाणपण नाही. ज्यांचा बहुतांश मोबदला प्रवासाच्या नावाने दिला जातो, त्यांनी या निम्म्याच्या नियमावर बोट ठेवून सरकारला उत्तर मागितले पाहिजे.

नावाने वस्तू बदलत नाही, हे तत्त्व न्यायालयानेही मान्य केले आहे. गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की त्यांना दिले जाणारे मानधन उपदान कायद्याखाली वेतनच ठरते आणि त्या उपदानास पात्र आहेत. त्याच्याही आधी, २०१३ साली, पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजनाकर्मींना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली होती. त्या परिषदेत सरकार, मालक व कामगार तिघेही बसलेले होते. शिफारस कागदावर राहिली. पण ती आपल्या हातातील कागद आहे, एवढे विसरू नये.

काही अधिकारी म्हणतात की खर्चाप्रमाणे पैसे देऊ लागलो तर खोटी बिले येतील. खोट्या बिलांचा धोका असेल तर तो सर्वांनाच लागू आहे, आणि त्यावरील इलाज सरकारजवळ आहेच: साहेबांच्या मोटारीला जी नोंदवही आहे तीच गट प्रवर्तकेच्या दुचाकीला द्यावी. दुसरे कोणी म्हणतात की मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाडीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे, मग खर्च कोठे आला? ज्यांना असे वाटते त्यांनी आडगावी सकाळी नऊला पोहोचणारी आणि लसीकरण आटोपल्यावर परत आणणारी गाडी दाखवून द्यावी. २०२१-२२ च्या एस. टी. संपात गाड्या काही महिने बंद होत्या. त्या काळात भेटी बंद होत्या काय?

आता प्रत्यक्ष वाद कसा सोडवावयाचा, याचा विचार करू. कारण ठराव पुष्कळ होतात. शेवटी बाईच्या हातात पैसे पडतात ते कागदामुळे आणि एकीमुळे. पहिली गोष्ट नोंद. प्रत्येक भेटीची तारीख, गावे, अंतर, वाहन व झालेला खर्च वहीत त्याच दिवशी लिहावा आणि त्या गावच्या आशेची सही घ्यावी. दुसरी गोष्ट बिल. महिन्याचे बिल दोन प्रतींत द्यावे, एकीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा, आणि कोऱ्या वा पेन्सिलीने भरलेल्या पत्रकावर सही कदापि करू नये. बिलात वेतन आणि वाटखर्च हे दोन रकाने आपणच पाडावेत. सरकारने पाडले नाहीत म्हणून आपण थांबावयाचे कारण नाही. तिसरी गोष्ट माहिती. आपल्या तालुक्याला या शीर्षाखाली किती रक्कम आली, कोणत्या आदेशाने किती कापली गेली, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारावे. चौथी गोष्ट मुदत. नव्या वेतन संहितेखाली वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. जुनी बिले रद्दीत घालू नयेत. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकटीने जाऊ नये. एकीचे बिल अडले तर तालुक्यातील साऱ्या गट प्रवर्तकांनी आणि त्यांच्या आशांनी मिळून निवेदन द्यावे. एकटीला ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे सांगता येते. शंभर जणींना तेच सांगताना खुर्ची डळमळते.

हीच शिस्त औषध प्रतिनिधींना व अन्य फिरत्या कर्मचाऱ्यांना लागू पडते. खामगाव वा अकोल्याचे मुख्यालय धरून शेगाव करणाऱ्या प्रतिनिधीला कंपनी नकाशावरचे सर्वांत जवळचे अंतर मोजून पैसे देते; पूल वाहून गेल्याने पडलेला फेरा नकाशात दिसत नाही. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा झाला, त्यात नियुक्तिपत्र देण्याचे बंधन आले, ते संघटित प्रतिनिधींच्या लढ्यामुळे. तेथेही धडा तोच आहे. अंतराचा तक्ता मालकाने एकतर्फी ठरवावयाचा नसून संघटनेशी बसून ठरवावयाचा असतो.

मार्क्सने एक गोष्ट दाखवून दिली होती: कामगार आधी श्रम देतो आणि मोबदला मागून घेतो, म्हणजे प्रत्येक कामगार मालकाला रोज उधार देत असतो. फिरता कामगार श्रमाची उधारी देतो आणि वर रोख पेट्रोलही भरतो. अशा मोबदल्यावर घर चालविणारी बाई महाराष्ट्र सरकारला कर्ज देते, बिनव्याजी, आणि कित्येकदा ते बुडीत खात्यात जाते. सरकारच्या अंदाजपत्रकात या कर्जाचा उल्लेख कोठेही नसतो.

तेव्हा साथींनी हा प्रश्न किरकोळ समजून बाजूस टाकू नये. येत्या महिन्यात प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील गट प्रवर्तकांची बैठक घ्यावी, त्यांच्याबरोबर बसून एका महिन्याचा खरा हिशेब दोन रकान्यांत मांडावा, आणि तो जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागापुढे व कामगार कार्यालयापुढे एकाच दिवशी दाखल करावा. हिशेब मांडला की मागणी आपोआप उभी राहते. वेतनाला वेतन म्हणा आणि खर्चाला खर्च म्हणा. एवढे कबूल करून घेण्यासाठी जी ताकद लागेल ती उभी करणे हे आपले काम आहे.